तोंडी संमती

“पायातलं काढ,” पोचूबाई म्हणाली.

मी सँडल काढल्या आणि पळसाच्या बुंध्याशी ठेवल्या. तिच्या पायात काही नव्हतंच. नाल्याच्या कडेनं ती पुढे आणि मी मागे अशा आम्ही निघालो. नोव्हेंबरचं ऊन चढलं होतं, तरी झाडाखालची वाळू अजून गार होती. मधूनच काटा टोचायचा. तिला कळू नये म्हणून मी ओठ दाबून चालत होते. सत्तरीच्या आसपासची बाई, कमरेत थोडी वाकलेली, पण चाल अशी की मला मागे पडायला होत होतं. बांबू चिरायचा कोयता तिनं हातात तसाच ठेवला होता.

“कुठं चाललोय, आजी?”

तिनं उत्तर दिलं नाही. चार-पाच दिवसांत मला त्याची सवय झाली होती. उत्तर द्यावंसं वाटलं तरच ती द्यायची, आणि तेही प्रश्न मी विसरून गेल्यावर.

नाला वळतो तिथे मोहाची तीन झाडं होती. खाली पालापाचोळा मुळीच नव्हता. कुणीतरी रोज झाडत असणार. त्या झाडलेल्या जागेत सात दगड उभे रोवलेले होते. तीन गुडघ्याएवढे, तीन त्याहून लहान, आणि एक जेमतेम माझ्या तळहाताएवढा.

पोचूबाई खाली बसली. मीही बसले. तिनं कोयता मांडीवर आडवा ठेवला. मग हनुवटीनं एकेक दगड दाखवत गेली.

“हा सासरा. हे सासू. हा लेतूचा बाप. हे तिघं माहे लेकरं.”

“आणि तो?” मी लहानग्या दगडाकडे पाहून विचारलं.

“तो रडला नाई,” ती म्हणाली.

मला समजायला एक क्षण लागला.

“मी नवीन आलती तवा सासऱ्यानं हे वावर काढलं,” तिनं सांगितलं. “तवापासून आमी इथंच. थे पन इथंच.”

परत निघण्याआधी ती माझ्याकडे वळून दोन-चार वाक्यं बोलली. मी मान हलवली. मग आम्ही आल्या वाटेनं परतलो.

ही दोन हजार नऊ सालची गोष्ट. मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते. अमरावतीहून समाजकार्याची पदवी घेऊन पांढरकवड्याच्या एका संस्थेत लागले होते. वनहक्काचे दावे भरायचं काम होतं. जंगलजमीन पिढ्यानपिढ्या कसणाऱ्या आदिवासींना त्या जमिनीचा पट्टा मिळावा, असा कायदा झाला होता. पण त्यासाठी पुरावे लागत, किमान दोन. सावरडोह नावाच्या कोलाम पोडावरचे चौदा दावे आम्ही पाठवले होते, आणि चौदाच्या चौदा परत आले होते. प्रत्येकावर एकच शेरा: पुरावा अपुरा.

कोलामांच्या वस्तीला पोड म्हणतात. मध्ये चावडी, भोवती कुडाची घरं. पोचूबाईचं घर मात्र पोडापासून वेगळं, नाल्याकाठच्या तिच्या वावरात होतं. ती आणि तिचा धाकटा मुलगा लेतू, दोघंच. लेतू पस्तिशीचा होता, आश्रमशाळेत सातवीपर्यंत शिकलेला. बायको टिकली नव्हती. त्यांच्या वावराच्या धुऱ्यापर्यंत, म्हणजे बांधापर्यंत, वनखात्याच्या सागाच्या रोपवनाचे खड्डे खणून झाले होते. रांगेनं खणलेले ते चौकोनी खड्डे मी रोज बघायची. पट्टा नाही मिळाला तर पुढच्या पावसाळ्यात ते वावरात शिरणार, हे सगळ्यांना दिसत होतं.

लेतूच्या दाव्याला पोडावरच्या एका म्हाताऱ्याचा जबाब जोडला होता. दुसरा पुरावा नव्हता. जुना एक कागद होता म्हणे, पण तो वाळवीनं खाल्लेला. म्हणून मी रोज त्यांच्याकडे जाऊन बसायची. पोचूबाई बांबूच्या कामट्या काढून टोपली विणायची, मी प्रश्न विचारायची. तुम्ही इथे कधीपासून आहात? कशावरून? अजून कोण सांगेल? तिसऱ्या की चौथ्या दिवशी मी थोडी वैतागून म्हटलं होतं, “आजी, तुम्ही म्हणता म्हणून मी मानेन. पण दुसऱ्या कुणी का मानावं?” ती विणतच राहिली होती. दुसऱ्या दिवशी मी आले तर कोयता हातात घेऊनच उठली आणि म्हणाली, “चल.”

परतल्यावर मी लेतूच्या अंगणात बसून कायद्याचं पुस्तक उघडलं. पुराव्यांची यादी मला पाठ होती, तरी पुन्हा वाचली. घरं, विहिरी, बांध. दफनाच्या जागा, पवित्र स्थळं. शब्द तिथंच होते. परतलेले दावे पुरावे जोडून पुन्हा पाठवायची शेवटची तारीख सोमवार होती, आणि तो दिवस गुरुवार होता.

त्याच संध्याकाळी मी देवरावला गाठलं. देवराव आत्राम आमच्याच संस्थेत होता, सावरडोहचाच, कोलाम, माझ्याहून दोन वर्षांनी लहान. बारावी झालेला. पोडावर मला तोच घेऊन गेला होता. सभेत मी बोलायची आणि तो कोलामीत सांगायचा. माझ्या पाच मिनिटांच्या भाषणाचं तो कधी दोन वाक्यांत सांगून मोकळा व्हायचा, आणि मी दोन वाक्यं बोलले तर त्यावर अर्धा तास चर्चा चालायची. मला तेव्हा वाटायचं, त्याला भाषांतर जमत नाही.

“देवराव, दफनाच्या जागा पुरावा म्हणून चालतात,” मी म्हटलं. “पोडावर कुणाच्या असतील ना अशा?”

तो माझ्याकडे न बघता म्हणाला, “कोणी सांगितलं तुम्हाला?”

“कुणी नाही. पुस्तकात आहे.”

“असतील. पण आमच्याकडे त्या जागांबद्दल बोलत नाहीत, ताई.”

“बोलू नका. नुसतं लिहू या.”

“लिहिणं म्हणजे बोलणंच झालं. नाईकाला विचारावं लागेल. चावडीवर बसावं लागेल. एकदा बसून नाही व्हायचं, तीन-चारदा. काहीतरी वाट निघेल.”

नाईक म्हणजे पोडाचा मुख्य.

“किती दिवस?”

“कापूस वेचून झाल्यावर.”

“सोमवारी तारीख आहे, देवराव.”

“तारीख त्यांची आहे,” तो म्हणाला. “अपील करता येतं, असं तुम्हीच सांगितलं होतं.”

ते खरं होतं. पण अपिलाला वर्ष लागलं असतं, आणि खड्डे तर धुऱ्याला येऊन टेकलेले. शिवाय मला चौदांतला एक तरी दावा मंजूर करून दाखवायचा होता. कुणाला दाखवायचा होता, ते आज नीट सांगता येत नाही. संस्थेच्या सरांना असेल, घरच्यांना असेल. आई दर रविवारी फोनवर विचारायची, काय चाललंय जंगलात, आणि माझ्याकडे सांगण्यासारखं काही नसायचं. पोचूबाईनं मला ती जागा दाखवली आहे, हे मी देवरावला सांगितलं नाही.

शुक्रवारी सकाळी मी पुन्हा वावरात गेले. पोचूबाई आणि लेतू दोघंही होते. मी त्यांना कायदा समजावून सांगितला. अर्धा तास बोलले असेन. तो पुरावा जोडला तर जमीन तुमची होईल, कुणी हात लावू शकणार नाही, सागाचे खड्डे धुऱ्यावरच थांबतील, असं सगळं सांगितलं. लेतू उकिडवा बसून ऐकत होता. पोचूबाई विणत होती.

“लेतूभाऊ, तुम्हाला काय वाटतं?”

“आई म्हनन तसं,” तो म्हणाला.

“आजी, मग लिहू ना? चालेल ना?”

कामटी हातातच थांबली. पोचूबाईनं माझ्याकडे पाहिलं, मग नाल्याकडे पाहिलं. कितीतरी वेळ गेला. दूर कुठेतरी कापूस वेचणाऱ्या बायांचं बोलणं ऐकू येत होतं.

“तू शिकलेली हायेस,” ती शेवटी म्हणाली, आणि पुन्हा विणायला लागली.

मी वहीत लिहिलं: ‘श्रीमती पोचूबाई टेकाम यांना कायद्याची माहिती समजावून सांगितली व त्यांची तोंडी संमती घेतली.’ खाली तारीख घातली.

वंशावळही जोडायची होती. मी लेतूला वडिलांचं, आजी-आजोबांचं, भावंडांचं नाव विचारलं, तर त्यानं माझ्या हातातून पेन घेतलं आणि वही मांडीवर ठेवून स्वतःच नावं लिहून दिली. वळणदार, सावकाश अक्षर. मी म्हटलं, “किती छान अक्षर आहे हो तुमचं.” तो कसनुसा हसला.

सोमवारी दावा गेला. त्यानंतर बारा दिवसांनी पाहणीसाठी तिघं सरकारी लोक आले. जीपमधून उतरले तेव्हा देवराव माझ्या शेजारी उभा होता. “लेतूच्या दाव्यात काय आहे?” त्यानं मला हळूच विचारलं. त्याला मी तोवर काही सांगितलं नव्हतं. सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “आजीनं दाखवलं?” मी म्हटलं, “हो. संमती घेतली आहे मी.” नाल्याच्या वाटेला लागताना त्यानं चपला काढून हातात घेतल्या.

ती माणसं वाईट नव्हती. हे मी मुद्दाम सांगते आहे. त्यांच्यातले मोठे साहेब तर फार सभ्य होते. मोहाखाली पोचल्यावर त्यांनी टोपी काढली, हात जोडले. पायात बूट होते, कारण काढायला कुणी सांगितलंच नाही. मी सांगू शकले असते. माझ्याही पायात सँडल होत्या. उन्हातली वाट, काटे, बरोबर तीन अनोळखी पुरुष. अनवाणी चालणं मला त्यांच्यासमोर कसंतरीच वाटलं होतं.

एकानं टेप लावून मापं घेतली. दुसऱ्यानं यंत्रावर जागेची नोंद केली, फोटो काढले. मोठ्या साहेबांनी कागद उलगडले.

“वंशावळ आहे. ठीक. पण कोणता दगड कुणाचा, ते लागेल. नावानिशी.”

लेतू खाली मान घालून उभा होता. “सांगा ना,” साहेब त्याला म्हणाले. लेतूनं पायाच्या अंगठ्यानं माती उकरली.

“साहेब, नावं कागदावर आहेत,” देवराव म्हणाला. “तेवढ्यावर भागवा.”

“अहो, मला पंचनाम्यात लिहायचं आहे. उद्या कुणी म्हणेल, दगड काय, कुठलेही असतात.”

मला वाटलं, आता इथे अडलं तर सगळं फुकट गेलं. मी वही उघडली. लेतूच्या अक्षरातलं पान काढलं. पेनाचं टोक एकेका दगडाकडे करत मी नावं वाचली. मोठ्यानं, स्पष्ट, दुसऱ्या टोकाला उभा असलेला माणूस लिहून घेऊ शकेल अशी. सासऱ्याचं, सासूचं, नवऱ्याचं, तिघा लेकरांचं. ती नावं मी इथे लिहीत नाही.

“आणि हा?” साहेबांनी शेवटच्या दगडाकडे पाहिलं.

“त्याला नाव नाही,” मी म्हटलं.

मी वर पाहिलं तेव्हा पळसापाशी पोचूबाई उभी दिसली. ती आमच्यामागून कधी आली ते कळलं नव्हतं. दोन शेतांएवढंही अंतर नव्हतं, तिला सगळं ऐकू गेलं असणार. ती रडली नाही, ओरडली नाही. पदर डोक्यावरून पुढे ओढून घेतला आणि वळून घराकडे चालायला लागली. लेतू तिच्या मागे गेला. साहेबांनी विचारलं, “सहीला लागेल तो, कुठं गेला?” तेव्हा मीच धावत जाऊन त्याला परत आणलं.

परतताना देवरावच्या मोटरसायकलवर मी मागे बसले होते. वीस किलोमीटरवर तो फाट्यावरच्या टपरीपाशी गाडी थांबवून म्हणाला, “ताई, नावं वाचायला नको होती.”

“मला काय माहीत, देवराव?” मी म्हटलं. “तुमच्यात असं असतं हे मला कुणी सांगितलंच नाही.”

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग चहा सांगितला.

फेब्रुवारीत लेतूचा दावा मंजूर झाला. चौदांपैकी तो एकच. संस्थेत सरांनी सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं. मी बातमी घेऊन सावरडोहला गेले, सरळ नाल्याकाठच्या वावरात. घर नव्हतं. कुडाच्या भिंती काढून नेलेल्या, बल्ल्या उपटलेल्या. चुलीचे तीन दगड तेवढे उरले होते. कापूस न वेचताच झाडावर लोंबत होता, काही खाली मातीत पडलेला.

देवरावनं सांगितलं, पोचूबाई आणि लेतू नदीपलीकडच्या एका पोडावर गेलेत, तिच्या बहिणीच्या मुलीकडे. तो मला घेऊन गेला, पण त्या घरापाशी आल्यावर म्हणाला, “तुम्ही जा. मी चावडीवर बसतो.”

पोचूबाई छपराखाली बांबू चिरत बसली होती. मला पाहून लेतूनं घोंगडी टाकली, पाणी दिलं.

“बसा, मॅडम,” पोचूबाई म्हणाली.

एवढ्या दिवसांत तिनं मला कधी मॅडम म्हटलं नव्हतं. पोरी म्हणायची, नाहीतर काहीच नाही.

“आजी, कागद झाला. जमीन तुमची झाली.”

“बरं झालं.”

“मग घर का मोडलं?”

ती लेतूकडे पाहू लागली. लेतू म्हणाला, “आई म्हनते, त्यांइले उठोलं. आता थे तिथं नाईत. मंग आमी तिथं कोनापाशी राहाचं?”

मी म्हटलं, “आजी, माझं चुकलं. मला समजलं नाही.”

पोचूबाईनं कोयता खाली ठेवला.

“समजलं नाई?” ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. खरंच विचारत होती. “मी सांगतलं तवा तू मान हालवली होतीस.”

मला खाली बघावं लागलं.

मोहाच्या झाडाखालून निघताना ती जी वाक्यं बोलली होती, ती मी कितीतरी वर्षं कुणाला सांगितली नव्हती. ती म्हणाली होती, “हे तुले दाखोलं. तुले खोटं वाटू नये म्हून. कागदाले नाई दाखोलं. लिवू नको, कोनाले आनू नको. अन् इथं त्यांइचं नाव घेऊ नको, थे निजून हायेत.” माझी मराठी आणि तिची मराठी यांत तेवढं अंतर नव्हतं. प्रत्येक शब्द मला कळला होता. मी मान हलवली होती, आणि नुसती मान नाही, “नाही लिहिणार, आजी” असंही म्हटलं होतं.

मग शुक्रवारी मी तिला पुन्हा का विचारलं? नकार मिळालेला होताच. मी त्यावर अर्धा तास बोलून दुसरं काहीतरी मिळवायला गेले होते, आणि जे मिळालं त्याला संमती म्हणून वहीत लिहिलं.

पोचूबाईच्या घरून निघताना मी तिच्या पायांना हात लावायला वाकले. तिनं पाय मागे घेतले. हळूच, मला अपमान वाटू नये अशा बेतानं.

लेतू ते वावर कसायला परत गेला नाही. पट्टा त्याच्या नावावर आहे, जमिनीत टणटणीचं रान माजलं आहे. तो वणीकडे मजुरीला जायचा. पोचूबाई दोन वर्षांनी गेली, नदीपलीकडेच. तिला कुठे ठेवलं ते मला माहीत नाही, आणि ते मला माहीत असू नये हेच बरं.

उरलेले तेरा दावे देवरावनं लढवले. कापूस वेचून झाल्यावर तो चावडीवर बसला, चारदा नाही, सात-आठदा बसला. नाईकानं आणि म्हाताऱ्यांनी मिळून ग्रामसभेत एकत्र जबाब दिला की आमची माणसं या रानात पुरलेली आहेत, जागा आम्ही दाखवणार नाही, पण शपथेवर सांगतो. कुणाचं नाव नाही, नकाशा नाही. अपिलात तेराच्या तेरा दावे मंजूर झाले. एक वर्ष आणि दोन महिने लागले. तेवढ्यात एकाही वावरात सागाचं रोप गेलं नाही.

मी मात्र त्या वर्षी जे मिळवलं त्यावर पुढे गेले. मोठ्या संस्थेत लागले, मग प्रशिक्षण द्यायला लागले. नवे डॉक्टर, नर्सबाई, शिक्षक, सर्वेक्षण करणारी मुलं आदिवासी भागात कामाला जाण्याआधी तीन दिवस आमच्याकडे येतात. त्यांच्याशी कसं बोलावं, काय विचारू नये, गप्प राहण्याचे किती अर्थ असतात, हे मी शिकवते. दुसऱ्या दिवशी दुपारी मी सावरडोहची गोष्ट सांगते. माझी चूक सांगते. गोष्ट फार परिणामकारक होते, कुणाचे तरी डोळे भरून येतात. बारा वर्षं मी ती अशी सांगितली: एका आजीनं मला तिच्या पूर्वजांची जागा दाखवली. मी संमती विचारली. ती गप्प राहिली, मग म्हणाली, तू शिकलेली आहेस. मला तो होकार वाटला. तिच्या संस्कृतीत तो नकार होता. मला ते माहीत नव्हतं. म्हणून, मित्रांनो, आधी माहीत करून घ्या.

देवराव दर वर्षी या प्रशिक्षणाला यायचा. तिसऱ्या दिवशी कायद्याचं सत्र त्याचं असतं. आदल्या दिवशीच पोचायचा आणि माझ्या सत्रात शेवटच्या रांगेत बसायचा. त्याचे केस आता पांढरे झालेत, पोडाचा नाईक तोच आहे.

गेल्या वर्षीची गोष्ट. माझं सांगून झाल्यावर एका मुलीनं हात वर केला. मेळघाटात नर्स म्हणून चालली होती, तेवीस-चोवीसची असेल.

“मॅडम, एक विचारू? आजी तुम्हाला त्या जागी घेऊन गेल्या, तेव्हा काहीच बोलल्या नाहीत? म्हणजे, एवढी खाजगी जागा. कुणाला सांगू नको, असं तरी म्हणाल्या असतील ना?”

असा प्रश्न बारा वर्षांत कुणी विचारला नव्हता. मी पाण्याचा ग्लास उचलला, प्याले, ठेवला. “नाही” हा शब्द अगदी जिभेवर आला होता. समोर चाळीस माणसं. शेवटच्या रांगेत देवराव वहीत काहीतरी बघत बसलेला.

“म्हणाल्या होत्या,” मी म्हटलं.

आणि मग सगळं सांगितलं. तिची वाक्यं जशीच्या तशी. मी मान हलवली ते. वहीत काय लिहिलं ते. टपरीवर देवरावला काय म्हटलं ते. सांगताना माझा आवाज नेहमीसारखा लागत नव्हता. मध्येच शब्द सापडत नव्हते. कुणाचे डोळे वगैरे भरून आले नाहीत. ती मुलगी माझ्याकडे बघत राहिली, मग तिनं वही बंद केली. पुढच्या रांगेतला एक डॉक्टर मोबाइल काढून बघू लागला. मी म्हटलं, “चहा घेऊन या,” आणि सगळे उठले.

मागच्या ओसरीवर देवराव कप घेऊन उभा होता. मी त्याच्याजवळ गेले.

“तुला आज पहिल्यांदाच सांगितलं,” मी म्हटलं. “तुला तरी आधी सांगायला हवं होतं.”

“मला माहीत होतं, ताई.”

मी त्याच्याकडे बघत राहिले.

“आजीनंच सांगितलं होतं. त्याच फेब्रुवारीत. तुम्ही तिला भेटून गेलात ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी गेलो होतो.”

“मग इतकी वर्षं बोलला का नाहीस?”

त्यानं चहाचा शेवटचा घोट घेतला.

“तुम्ही कधी सांगता, ते बघत होतो,” तो म्हणाला.

मग त्यानं नळाखाली कप विसळला, जाळीवर पालथा घातला, आणि उद्याच्या सत्राचे कागद घ्यायला आत गेला.